सर्जेराव शिकला कुठं?

“म्हंजी मी तुला शिकवलंच न्हाई, आसं सांगायचं?” गेनबा नानांनी विचारलं.

सर्जेरावाने मान खाली घातली. “कुणी विचारलं तरच, नाना. आपण होऊन काही बोलू नका, एवढंच.”

नाना पाचटाच्या जाळावर हलगी शेकत बसले होते. चामडं तापल्याशिवाय हलगी बोलत नाही, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष तिकडे. सर्जेराव मात्र घामाघूम झाला होता. सकाळपासून सतरा वेळा मनात घोकलेलं वाक्य एकदाचं तोंडाबाहेर पडलं होतं.

गोष्ट अशी, की ‘वाकडी वीज’ या रॉक बँडचा ड्रमर म्हणून सर्जेरावाचं नाव आता पुण्या-मुंबईत गाजत होतं. बँडवर माहितीपट निघायचा होता. चौघे कुठले, कुणाकडे शिकले, सगळं त्यात येणार होतं. गाणारी मुलगी पाचव्या वर्षापासून पियानोवर बसलेली. गिटारवाल्याचा मामा बोटीवरच्या ऑर्केस्ट्रात होता. बासवाल्याच्या घरी कपाट भरून रेकॉर्डी. आणि सर्जेराव? तो जत्रेला, वरातीला नि मयतीला नानांच्या मागून हलगी वाजवत हिंडलेला. हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने ठोकून दिलं होतं, “मी आपला आपणच शिकलो, डबे बडवून.” आता सोमवारी कॅमेरा घेऊन माणसं गावात येणार होती, आणि बिंग फुटायच्या भीतीने त्याची झोप उडाली होती.

“लाज वाटती व्हय रं?” नानांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

“लाज नाही, नाना... त्या लोकांना कळायचं नाही.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हंजी सांगतो की तसं. त्यात काय अवघड हाय? इचार मला.”

“काय विचारू?”

“त्यो क्यामेरावाला इचारंल तसं इचार. सवय व्हाया नगं?”

सर्जेरावाला कसंतरीच झालं. पण गरज त्याची होती. घसा खाकरून त्याने विचारलं, “आजोबा, सर्जेराव तुमच्याकडे शिकला का?”

“कोन सर्जेराव?”

नाना हे इतक्या सहज म्हणाले, की त्याच्या काळजात चर्र झालं. बाप गेला त्या वर्षी याच माणसाने त्याला आपल्या ताटात जेवू घातलं होतं आणि हातात हात धरून हलगीची काठी धरायला शिकवलं होतं.

“जमलं न्हवं?”

“जमलं...” सर्जेराव कसाबसा बोलला. काम तर फत्ते झालं होतं, पण आनंद काही होईना. तो उठायला लागला.

“बस की. च्या घिऊन जा.”

तो पुन्हा खुर्चीवर टेकला. नानांनी जाळावरची हलगी उचलली, कानाशी नेऊन टिचकी मारून पाहिली आणि छातीशी धरून वाजवायला घेतली. वय झालेलं असलं तरी हात तोच होता. तालाचा एक फेर झाला. दुसरा झाला. तिसरा अर्ध्यावर आला...

आणि नानांनी हात थांबवला.

शिकवताना ते नेहमी असंच करायचे. अर्धा फेर आपण वाजवायचे, उरलेला समोरच्याने पुरा करायचा.

“च्या टाकला का गं?” त्यांनी आत हाक दिली.

टक... टकटक... टक. लोखंडी खुर्चीच्या दांड्यावर सर्जेरावाची बोटं वाजत होती. शेवटच्या ठोक्याला ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने झटकन हात मागे घेतला आणि नानांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

नानांनी हलगी खुंटीला अडकवली.

“माझं त्वांड मी आवरतो,” ते म्हणाले. “तुझी बोटं तेवढी तू आवर.”