जानकूमावशीची टेकडी

माणसांची पावलं अजून डोंगरावर पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. जानकू साळिंदरीण टेकडीवरचे कडू कंद उकरायची, वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा घालवायची आणि येईल त्याला खाऊ घालायची. जो तो तिचंच नाव घ्यायचा. तांबू मुंगसाचा त्यानं जळफळाट व्हायचा. "तिच्यात असं काय आहे?" तो बायकोला विचारायचा.

एकदा त्यानं लपून सगळी रीत पाहून घेतली आणि नदीकाठच्या बाजारात 'तांबूचे कंद' मांडले. ते इतके खपले, की त्यानं अख्खी टेकडी उकरली. जानकू प्रत्येक कंदाचा कोंब पुन्हा मातीत पुरायची. तांबूला तेवढा धीर नव्हता.

पुढचा पावसाळा सरला. एके सकाळी गिऱ्हाइकांच्या रांगेत पिल्लांना घेऊन जानकूच उभी दिसली. तिनं आपल्या दारी यावं, हीच तर तांबूची इच्छा होती; पण आता त्याला तिच्याकडे बघवेना.

"टेकडीवर यंदा काही उगवलंच नाही," ती म्हणाली. "पोरं भुकेली आहेत."

तांबूनं टोपली तिच्यापुढे सरकवली. "मावशी, या जागेवर तूच बस. नावही तुझंच राहू दे."

"नावाचं नंतर बघू," पिल्लांना भरवत जानकू म्हणाली. "बिळात कच्चे कंद साठवले असशील, ते घे. टेकडीवर लावायला तू माझ्याबरोबर यायचं आहेस."