लिंबाखालचा ओटा

“मग अजून किती पळू, बाबा?”

नूरशाह फकिरांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. तकियाच्या, म्हणजे त्यांच्या मठीच्या, अंगणात चुलीवर चहा उकळत होता, तिकडंच बघत ते बसले होते.

रंगराव पायरीवर टेकला होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तालुक्यात त्याचा हात धरणारा नव्हता, आणि हट्टात तर नव्हताच नव्हता. रविवारची मॅरेथॉन मारली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागणार होती. अख्खं घर त्या रविवारकडं डोळे लावून बसलं होतं. आणि महिनाभर तो जितका पळे, तितका मागं पडत होता.

“वेळ घसरली, तसं पळणं वाढवलं,” तो म्हणाला. “पहाटे घाट, संध्याकाळी पुन्हा घाट. शरीर आळसावलंय, बाबा. वठणीवर आणतो त्याला.”

“झोप?”

“येत न्हाई.”

“जेवण?”

“घास तोंडातच फिरतो. घरात कुणी बोललं तर अंगावर जातो... पण एक सांगतो, मी कधी थांबलो न्हाई. ताप होता तरी पळालो.”

हे त्यानं छाती पुढं काढून सांगितलं. मनातून मात्र तो पार भेदरला होता.

फकिरी घेण्याआधी नूरबाबा टांगा हाकत. ते उठले आणि रंगरावच्या डाव्या बगलेखाली तळवा टेकवला. टांगेवाले सकाळी जुंपण्याआधी घोड्याच्या पुढच्या पायामागं असाच हात लावून बघत. तबेल्यात उभ्या घोड्याचं काळीज धावत असेल, तर त्या दिवशी टांगा निघत नसे.

हात बराच वेळ तिथंच राहिला.

“कवाचा बसलायस?”

“झाला की तास.”

“तू बसलायस...” बाबा म्हणाले. “मग आत कोण पळतंय?”

रंगरावनं स्वतःचा हात लावून पाहिला. काळीज घाट चढत असल्यासारखं धावत होतं.

“रविवारी पळू का नको, तेवढं सांगा.”

बाबांनी लिंबाखालच्या ओट्याकडं बोट दाखवलं. रोज घाटाला लागण्याआधी रंगराव त्याच ओट्यावर पाय ठेवून बुटाची लेस बांधायचा.

“चांदणी घोडी पुरलीय तिथं. तिला चाबूक कधी लागलाच नाही. मालकाला कोण अभिमान... माझी घोडी थांबत नाही म्हणून गावभर सांगायचा.”

“मग?”

“मग घाटात पडली. जुंपलेलीच.”

बाबांनी चहा कपात ओतून त्याच्यापुढं ठेवला. कपातला चहा निवला, त्यावर साय धरली.

उन्हं घाटावर गेली. रंगरावची पळायची वेळ झाली, तसे त्याचे पाय आपोआप उठले. काही कळायच्या आत त्याचा बूट ओट्यावर गेला आणि बोटं लेस आवळू लागली.

“पाय काढ, बेटा,” बाबा हळूच म्हणाले. “आत्ता कुठं निजलीय ती.”