भरदुपारचा दिवा

फार पूर्वी, दिवाळं निघालं हे तोंडानं सांगावं लागत नसे त्या काळी, एका गावात एक कासार राहत होता. त्या मुलखाची रीत अशी, की ज्याला देणं फेडणं अशक्य झालं त्यानं भरदुपारी आपल्या उंबऱ्यावर दिवा लावून ठेवायचा. उन्हात जळणारा दिवा दिसला, की येणारा-जाणारा काय ते समजायचा. मग पंच जमत आणि घरात असेल ते घेणेकऱ्यांत वाटून टाकत. स्वयंपाकाची भांडी, देव्हाऱ्यातले देव आणि पोट भरायचं साधन यांना मात्र कोणी हात लावत नसे. त्यानंतर जुन्या देण्यासाठी त्याचं दार कोणी ठोठावायचं नाही, अशी रीत होती.

कासार कामाला चोख होता. त्यानं हात दाबून बांगडी भरली, तर पहिल्यांदाच बांगड्या भरणारी पोरसुद्धा कण्हत नसे. पण एकदा घाटात गाडी कलंडली आणि गाडीभर बांगड्यांचा चुरा झाला. नवा माल भरायला त्यानं सावकाराकडून कर्ज काढलं. सावकाराचं व्याज द्यायला तेल्याकडून घेतलं. तेल्याला गप्प करायला शेजारच्या आजींपुढे हात पसरला. आजींनी काशीयात्रेसाठी साठवलेले पैसे काढून दिले. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालता घालता शेवटी टोपीच उरली नाही.

मग लपाछपी सुरू झाली. दारात कोणी आलं, की कासार माजघरात शिरायचा आणि बायकोला म्हणायचा, "सांग, घरात नाहीत."

कासारीण व्रतवैकल्यं करणारी. ती म्हणायची, "आज माझा शुक्रवार आहे. आंबट खायचं नाही नि खोटंही बोलायचं नाही."

"मग उद्या तरी बोलशील?"

"उद्या शनिवार."

कासार चरफडायचा. एक दिवस ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "अहो, किती दिवस असं तोंड लपवणार? दिवा लावा उंबऱ्यावर. देव काही आपल्याला टाकणार नाही."

"ज्या गावात घरोघरी बांगड्या भरल्या, तिथं नाक कापून घेऊ? त्यापेक्षा नदीपलीकडच्या गावात जातो. तिथं कुत्रंही ओळखत नाही मला. एखादी पडवी भाड्यानं घेतो आणि तिथंच दिवा लावतो. मोकळं झाल्याशी कारण."

"देव्हारा आपल्या घरात आणि निरांजन परक्याच्या ओट्यावर, असं कुठं असतं का?"

पण कासारानं ऐकलं नाही. पहाटे उठून तो नदी उतरून गेला. दुपारी परक्या गावात, परक्या पडवीत त्यानं दिवा लावला आणि शेजारी बसून राहिला.

एक म्हातारी थबकली. अनोळखी चेहरा बघून तिनं थट्टा केली, "काय रे बाबा, तेल उतू चाललंय का? दिवसाढवळ्या जाळतोयस ते!"

हळूहळू माणसं जमली, पंच आले. पंचांनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"इथलाच."

"असं? कोणत्या विहिरीचं पाणी भरता?"

कासार दिव्याची वात सारत बसला.

"बरं, या गावात कोणाचं देणं आहे तुम्हाला?"

"कोणाचंच नाही."

पंचांनी फुंकर मारून दिवा विझवला. रागानं नव्हे, समजुतीनं. म्हणाले, "पाहुणे, ज्या गावात चूल पेटते, तिथंच हा दिवा पेटवायचा असतो. इथं तुम्हाला लाज वाटत नाही हे खरं. पण सोडवणारंही इथं कोणी नाही. जेवून घ्या आणि घरी जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कासार आपल्या गल्लीच्या तोंडाशी पोचला, तर दारात ही गर्दी! सावकारानं बांगड्यांची पेटी बाहेर ओढली होती.

"पळपुट्याला कसली आली रीत? जो पळाला, त्याची पेटीही जाते."

कासारीण पेटीवर हात ठेवून उभी होती. "ते पळाले नाहीत. येतो म्हणून गेलेत, येतील."

"येतील! गावाला तोंड दाखवायची छाती लागते, बाई!"

कासार गल्लीच्या वळणावरच थांबला. अजून कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. मागे फिरला असता, तर नदीपलीकडं सगळं जग मोकळं होतं. पण पेटीवरच्या त्या हाताकडं त्याची नजर गेली. तो तसाच गर्दीतून पुढं गेला आणि म्हणाला, "कारभारणी, दिवा आण."

सगळ्यांदेखत त्यानं उंबऱ्यावर दिवा लावला. वाऱ्यानं दोनदा वात विझली. तिसऱ्यांदा कोणीतरी पदराचा आडोसा धरला. बघतो तर शेजारच्या आजी.

"म्हणजे माझी काशी गेली म्हण की," आजी म्हणाल्या.

"गेली, आजी. सगळे पैसे गेले. मी बुडवले."

आजींनी पदर खोचला. "मग हे आधी नाही का सांगायचं, मेल्या? मी रोज गाठोडं बांधून बसते. आज देईल, उद्या देईल. तू आत लपलास आणि मला बाहेर ताटकळत ठेवलंस."

त्या बोलण्यानं कासाराच्या डोळ्यांत पाणी आलं. सावकाराच्या शिव्यांनी कधी आलं नव्हतं.

पंच जमले. बैल गेले, गाडी गेली, पाण्याचे तांब्याचे हंडे गेले. सावकाराला निम्मंही मिळालं नाही, आजींच्या वाट्याला तर थोडकंच आलं. पण दिवा लावणाऱ्याची पेटी सावकाराला खाली ठेवावी लागली.

त्या रात्री कासार शांत झोपला. सकाळी कारभारणीनं देवापुढं साखर ठेवली आणि पेटी त्याच्या खांद्यावर दिली. पहिल्या आळीत कोणी हाक मारली नाही. दुसऱ्या आळीत दारं उघडी होती, पण माणसं आत गेली. तिसऱ्या आळीत आजींची लेक दारात उभी होती. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"या, कासारदादा. हिरव्या भरा. आणि हे बघा, आईनं सांगितलंय, पैसे आधी मोजून घ्या. उधारी नको हो, ना तुमची ना आमची!"

ओसरीवर हसू फुटलं. कासारानं मांडी घातली आणि पेटी उघडली.

तात्पर्य: हात रिकामे झाले, तर ते ज्यांचं देणं आहे त्यांच्यासमोरच सांगावं. जिथं लाज वाटते, तिथंच सुटकाही असते. आणि आपण खरं बोललो, की वाट बघणाराही मोकळा होतो.