पेवांचा जाब

फार जुन्या काळची ही गोष्ट. त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, तिथल्या राजाचंही नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने काही बिघडतही नाही. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा कान टवकारूनच ऐकावी.

त्या राज्यात एक चांगली चाल होती. राजा राज्य करी, मंत्री कारभार पाहत, आणि वर्षातून दोनदा गावोगावची माणसं येऊन त्या कारभाराचा जाब विचारत. प्रत्येक खोऱ्यातले, प्रत्येक माळावरचे लोक आपल्यातलं एक माणूस निवडून राजधानीला पाठवत. पुरुष असला तर त्याला जाबकरी म्हणत, बाई असली तर जाबकरीण. ज्या सभेत ते प्रश्न विचारत तिचं नाव जाबसभा.

जाबसभेचा नियम सोपा होता. विचारणाऱ्याने उभं राहून विचारायचं आणि मंत्र्याने उभं राहून सांगायचं. जोवर विचारणारा उभा आहे तोवर मंत्र्याला बसता येत नसे, मग तो केवढाही मोठा असो. विचारणाऱ्याचं समाधान झालं की तो खाली बसे. तो बसला की भालदार आरोळी देई, "जाब मिळाला!" आणि ती बाब तिथे संपे. पुढच्या जाबसभेपर्यंत ती कुणाला उकरून काढता येत नसे. राजा सिंहासनावर बसून सगळं ऐके, पण मध्ये तोंड उघडायची त्याला मुभा नव्हती. राजाला गप्प बसवणारी ही चाल ज्याने कुणी पाडली, तो माणूस खरोखर शहाणा असला पाहिजे.

राज्याच्या पूर्वेला एक उंच माळ होता. तिथला पाऊस मनाचा राजा. आला तर आला, नाही तर नाही. म्हणून माळावर राजाची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार, तोंड अरुंद आणि आत ऐसपैस. चांगल्या सालात प्रत्येक घर आपल्या राशीतली ज्वारी त्यात ओतून येई. मग तोंडावर दगडी झाकण ठेवून ते शेणामातीने लिंपून टाकत. दुष्काळ पडला की राजाच्या हुकमाने पेवं उघडायची. एरवी त्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. आत काय आहे हे कळायचा एकच मार्ग होता, कोठारमंत्र्याला भर सभेत विचारायचं.

माळावरची जाबकरीण चाळिशीची बाई होती. लोक तिला अक्का म्हणत. रस्त्यांच्या मंत्र्याला तिने एकदा असं उभं करून ठेवलं होतं की त्याच्या पगडीखालून घामाची धार लागली, आणि पुढच्या सुगीआधी माळावर चढणारा घाट दुरुस्त झाला. तेव्हापासून माळकरी तिच्यावर जीव टाकत. अक्का गेली म्हणजे काम झालं, असं लोक म्हणत, आणि अक्कालाही ते ऐकायला आवडे. कुणाला आवडणार नाही?

एका साली राजाने राणीच्या हौसेखातर माळाच्या वरच्या अंगाला तळं खोदलं. नावेत बसून चांदणं बघायला म्हणे. तळं फार सुरेख झालं, आणि राजाला त्याचा इतका अभिमान वाटे की पाहुणा आला की आधी तळं, मग जेवण.

पुढच्या वैशाखात अक्का आणि तिची धाकटी जाऊ शेण्या गोळा करत पेवांच्या बाजूने चालल्या होत्या. सगळा माळ करपून गेलेला, पण पेवांवर हिरवंगार गवत होतं. जाऊ खाली बसली आणि तिने मातीत बोटं खुपसली.

"जाऊबाई, माती ओली लागतेय बघा," ती म्हणाली.

"वैशाखात?" अक्का म्हणाली आणि तिने मान वर करून तळ्याकडे पाहिलं.

चावडीवर माणसं जमली. तळ्याचं पाणी पेवांत झिरपत असेल तर सगळ्या माळाच्या तोंडचा घास नासणार होता. लोक म्हणाले, "अक्का, एवढं एकच विचारून ये. आतली ज्वारी कोरडी आहे का?"

"विचारल्याशिवाय येत नाही," अक्का म्हणाली.

आता कोठारमंत्र्याबद्दल सांगायला हवं. तो म्हातारा मंत्री अक्काच्या माहेरचा होता, अगदी शेजारच्या घरातला. तिचे वडील लवकर गेले तेव्हा यानेच तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. ती सासरी निघाली तेव्हा हा गाडीमागून गावच्या शिवेपर्यंत डोळे पुसत चालत आला होता. ती त्याला तात्या म्हणे. माहेरच्या माणसासाठी बाईचं मन कसं ओढतं हे मी वेगळं सांगायला नको.

सभा भरली. राजा सिंहासनावर बसला. अक्का उभी राहिली, तसे तात्याही खांबाला धरून उठले.

"मंत्रिमहाराज," अक्का म्हणाली, कारण सभेत नातं काढायचं नसतं, "माळावरची पेवं भरलेली आहेत का?"

"भरलेली आहेत. काठोकाठ."

"त्यांची झाकणं शाबूत आहेत का?"

"शाबूत आहेत. लिंपणाला साधी चीरही गेलेली नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती. एक शब्दही खोटा न बोलता खरं लपवता येतं, आणि ही विद्या मंत्र्यांना कुणी शिकवावी लागत नाही. अक्का काही भोळी नव्हती. तिला कळलं की आपण ज्यासाठी आलो ते अजून विचारलेलंच नाही. तिने तिसऱ्या प्रश्नासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात तात्यांचा पाय थरथरला. त्यांनी खांब घट्ट धरला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, गुडघा फार धरलाय गं आज."

मागच्या रांगेतला एक तरुण मंत्री खुदकन हसला.

ज्या माणसाने आपल्याला खांद्यावर घेतलं त्याला आपण चारचौघांत ताटकळत ठेवलंय, आणि वर लोक त्याला हसताहेत. माहेरी हे कळलं तर काय म्हणतील? तिने मनाची समजूत घातली. पेवं भरलेली आहेत, झाकणं धड आहेत. बिघडलं असतं तर तात्या बोलले नसते का? राहिलेलं पुढच्या सभेला विचारू.

आणि अक्का खाली बसली.

"जाब मिळाला!" भालदार ओरडला.

त्या दिवशी ती तात्यांकडे जेवायला गेली. त्यांच्या बायकोने तिची ओटी भरली, खण दिला, नारळ दिला. तात्या जेवताना फारसं बोलले नाहीत. अक्काला वाटलं, म्हातारा दमला असेल.

ती माळावर परतली तेव्हा लोक वाट बघत होते. "पेवं काठोकाठ भरलेली आहेत," तिने सांगितलं. "झाकणं शाबूत आहेत." लोकांना हायसं वाटलं.

"आणि ओलीचं काय म्हणाले?" जावेने विचारलं.

"अगं, भरलेली आहेत म्हटलं ना! तात्या माझ्याशी खोटं बोलतील का?" अक्का जरा फणकाऱ्यानेच म्हणाली. जाऊ मग काही बोलली नाही.

त्या साली पाऊस आला नाही. मृग गेला, आर्द्रा गेल्या, आभाळ कोरडंच. चावडीवर जुनीजाणती माणसं म्हणाली, "बैलांच्या अंगात ताकद आहे तोवर नदीकाठच्या मुलखात निघून जाऊ. तिकडे मजुरी मिळेल, चारा मिळेल." काहींनी बिऱ्हाडं बांधायलाही घेतली. जावेने तर भांडीकुंडी गाडीत चढवली होती आणि धाकट्या लेकीला वर बसवलं होतं.

सगळ्यांनी अक्काला विचारलं. अक्का म्हणाली, "भरली पेवं टाकून परमुलखात कशाला जायचं? मी जाब घेऊन आलेय. थांबा."

लोक थांबले. जावेने लेकीला खाली उतरवलं.

पुढची जाबसभा यायच्या आतच घरातलं सरलं. मग बियाणं सरलं. मग बैल बसले ते उठले नाहीत. तेव्हा राजाचा हुकूम आला आणि पेवं उघडली.

पहिल्या पेवाचं झाकण सरकवलं तसा असा आंबूस, कुजका भपकारा आला की माणसं नाकाला धोतर लावून मागे हटली. आत ज्वारी नव्हती. काळा, चिकट लगदा होता. दुसरं पेव तसंच, तिसरंही तसंच. पेवं काठोकाठ भरलेली होती, यात मात्र काही खोटं नव्हतं.

आता माळ सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण आता बैल नव्हते आणि अंगात त्राणही नव्हतं. माणसं पायी निघाली. म्हातारी माणसं वाटेतल्या झाडांखाली बसली ती बसलीच. जावेची धाकटी लेक नदीचं पाणी दिसायच्या आधल्या दिवशी आईच्या कडेवरच गेली. जाऊ तिला तशीच कडेवर घेऊन बराच वेळ चालत राहिली, आणि कुणाला तिला थांबवायचा धीर झाला नाही.

जावेने अक्काला एका शब्दाने बोल लावला नाही. तिने लावायला हवा होता, असं अक्काला वाटे. शिव्या दिल्या असत्या, केस धरून ओढलं असतं, तरी चाललं असतं.

पुढल्या साली पाऊस झाला. उरलेली माणसं माळावर परतली. राजाने तळं फोडलं, कोठारमंत्र्याला काढून टाकलं आणि पेवं दुसऱ्या, कोरड्या जागी खणायला लावली. जे करायचं ते सगळं झालं. फक्त ज्यांच्यासाठी करायचं त्यांतले कितीतरी उरले नव्हते.

अक्का माहेरी गेली. तात्या ओट्यावर बसले होते, पार वाळून गेले होते. त्यांनी तिला पाहिलं आणि नजर खाली घातली.

"तात्या, तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"माहीत होतं," तात्या म्हणाले. "एक पेव मी गुपचूप उघडून पाहिलं होतं. पुन्हा लिंपून टाकलं."

"मग राजाला का नाही सांगितलंत?"

"त्याच्या तळ्याने लोकांचा घास नासला हे त्याला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. रोज उद्यावर ढकलत राहिलो." तात्या थांबले. "सभेत तू उभी राहिलीस तेव्हा मला भीती वाटली, आणि बरंही वाटलं. म्हटलं, आता ही विचारील, मग सांगावंच लागेल. मी स्वतः राजापुढे जाऊन कागाळी केली असं होणार नाही. मला विचारलं, मी सांगितलं, असं होईल. तू तोंड उघडलंस तेव्हा उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पोरी. पण गुडघ्याचं बोलून मी पळवाट काढली, आणि तू बसलीस."

"मला वाटलं, मी तुमच्यावर माया केली," अक्का म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं," तात्या म्हणाले. "तू बसलीस तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. त्या श्वासाची आता मला रोज लाज वाटते. तू आणखी जराशी उभी राहिली असतीस तर पेवं तेव्हाच उपसली असती. माणसं वाचली असती, आणि मीही."

ज्या मायेपायी ती बसली होती तिने ना माळ वाचला होता, ना म्हातारा.

ती घरी आली तेव्हा जाऊ अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. अक्काने तिला काही न लपवता सगळं सांगितलं. गवत पाहिलं होतं, माती ओली होती हे माहीत होतं, प्रश्न तोंडात होता, पण भीड पडली म्हणून विचारला नाही, हेही सांगितलं. मग ती जावेच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली.

जावेचं सूप हातातच थांबलं. ती म्हणाली, "जाऊबाई, ओलीचं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही चिडलात. तुम्ही थोरल्या, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही."

तिने मान खाली घातली आणि दोघीजणी रडल्या.

अक्का पुन्हा कधी जाबसभेला गेली नाही. माळकऱ्यांनी तिच्या जागी जावेला पाठवलं. ती सभेत प्रत्येक वेळी इतका वेळ उभी राही की मंत्री तिच्या नावाने बोटं मोडत. पण तिच्या धाकट्या लेकीला त्याचा काही उपयोग नव्हता.

गोष्टीचा बोध एवढाच: ज्यांच्यासाठी जाब विचारायला आपण उभे राहतो, त्यांच्या जिवापेक्षा आपली भीड कधी मोठी मानू नये.