मधली जागा

सरनोबतांच्या घरात तात्यांनी गाडी पसंत केली की कुणी ‘का’ विचारायचं नाही. सून विदुलाला जुळी झाली, कोल्हापूरच्या फेऱ्यांना जुनी गाडी पुरेना, म्हणून सगळे शोरूममध्ये गेले. तात्यांनी एका लांबलचक, रुबाबदार गाडीवर बोट ठेवलं. त्यांच्या धाकट्या भावानं मान डोलावली.

“पुढे तुम्ही दोघं, मागे बाळांच्या दोन बेबी-सीटा. मग मी कुठे बसू?” विदुलानं विचारलं.

“मध्ये! बायका कुठेही मावतात,” तात्या म्हणाले.

विदुलानं शोरूममधल्या दोन बेबी-सीटा मागे लावून घेतल्या. “तात्या, जरा बसून दाखवा ना. कसं मावायचं ते बघायचंय मला.”

तात्या ऐटीत शिरले आणि खांद्यांशी अडकले. “अगं, ओढ मला बाहेर!”

“ओढते. पण कोल्हापूरपर्यंत अशी मी येणार नाही. ही गाडी नको.”

तात्या आत, भाऊ बाहेर. या वेळी भावानं विदुलाकडे बघून मान डोलावली.