कणकेचा अंदाज

फार मागची गोष्ट. किती मागची, ते मला विचारू नका. एका राज्यात मृदंग वाजवायला कुणाची आडकाठी नव्हती, पण शिकवायचा म्हटला तर आबांचा होकार लागे. आबा म्हणजे तिथले सर्वांत जुने मृदंगी.

नागोजीला तो होकार हवा होता. वाजवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं. आबांनी त्याच्या हाती गावातली चार पोरं दिली. "पौर्णिमेला येऊन त्यांना ऐकेन, मग ठरवेन," एवढंच म्हणाले.

नागोजीने पोरांकडून असं घोटून घेतलं की विचारता सोय नाही. सगळ्यांत तयार होती गोदी. पण एका सकाळी तिचा एकही बोल धड निघेना. नागोजीने पुन्हा पुन्हा वाजवून दाखवलं, मग आवाज चढवला. "काल येत होतं, मग आज काय धाड भरली?"

गोदीने मृदंग बाजूला ठेवला. "मी आता येणार नाही," म्हणाली आणि घरी निघून गेली.

गोदी नाही, तर आबांचा होकारही नाही. राग तर आलाच होता, पण त्याहून मोठं कोडं पडलं होतं. हात तोच, बोल तोच. मग एका रात्रीत बिघडलं काय? तो तडक आबांकडे गेला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपला मृदंग पुढे सरकवला. "वाजव."

मृदंगाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, आणि ती दर वेळी नव्याने लावायची असते. नागोजीने कणीक लावली, थाप मारून ऐकलं, चिमूटभर काढली, पुन्हा ऐकलं.

"कालएवढीच का नाही लावलीस?" आबांनी विचारलं.

"आज हवा दमट आहे, आबा. कातडं सैलावलंय. रोज ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

"आणि गोदीला ऐकलंस?"

नागोजीने मृदंग खाली ठेवला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि खरंच, पहिल्यांदाच जाणून घ्यावंसं वाटलं की त्या पोरीचं आज काय चाललंय.

गोदी घराच्या ओट्यावर बसली होती. "रागवायला आलात?"

"नाही गं. विचारायला आलोय. काय झालं?"

गोदी म्हणाली, "ताई काल सासरी गेली. मी वाजवताना तालाची टाळी तीच धरायची. आता हात उचलला की रडूच येतं."

नागोजी तिच्या शेजारी टेकला. "ताई कशी धरायची टाळी? मला शिकव."

गोदीने शिकवलं. "तुमची फार जोरात पडते. ताईची हळू असायची." नागोजीने हळू धरली.

पौर्णिमेला आबा आले. मृदंगाला हात लावण्याआधी नागोजीने एकेकाला विचारलं, "आज कसं आहे?" एकाचं आईशी भांडण झालं होतं, एकीला उगाच हसू येत होतं. सगळ्यांत धाकटा म्हणाला, "मला भीती वाटतेय."

"तू वाजव रे," गोदी म्हणाली. "तुझी टाळी मी धरते. हळूच."

आबा हसले. "होकार दिला, नागोजी."

"आबा, अजून वाजलंय कुठे?"

"वाजेल की. आता निवांत ऐकतो," म्हणत आबा भिंतीला टेकून बसले.

त्यानंतर आबांकडे कुणीही होकार मागायला आलं, की ते आधी त्याच्या पोरांची ख्यालीखुशाली विचारत. ती ज्याला सांगता येईना, तो कितीही छान वाजवो, त्याला परत पाठवत.

तात्पर्य: ज्याला कला शिकवायची आहे, त्याने आधी शिकणाऱ्याचं मन ऐकावं.