दोलच्या दोन सुरया

“पण हिच्यात गामे घालायचीच कशाला, ब्रदर?”

विचारणारा श्रीरंग बोरस्ते. निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, वाइनचं शिक्षण घेऊन स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका मठात वर्षभर शिकायला आलेला. प्रश्न होता तिथल्या ‘दोल’ नावाच्या लाल वाइनचा. पिनो आणि गामे या दोन द्राक्षांच्या वाइन एकत्र करून ती बनते. श्रीरंगच्या मते पिनो खानदानी आणि गामे आपली गावठी.

मठाची वाइन करणारे म्हातारे ख्रिस्ती साधू, ब्रदर आन्सेल्म, पिंपाची तोटी पुसत राहिले.

“नावापुरती घालू,” श्रीरंग म्हणाला. “मग बघा कशी होते.”

“बघू,” म्हातारा म्हणाला. “तुझी तू कर, माझी मी करतो. उद्या वेली छाटणारे जेवायला आहेत. एका टेबलावर तुझी सुरई, एकावर माझी.”

“आणि यंदाची पिंपं कोणत्या वाइननं भरायची?”

“उद्या कळेल…”

आठवड्यानं श्रीरंग घरी निघणार होता. मठातली यंदाची दोल आपल्या हातची असावी आणि जाताना म्हाताऱ्याच्या तोंडून ‘तुला जमलं रे’ एवढं ऐकावं, बाकी त्याला काही नको होतं. म्हणजे तसं ते थोडं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं बर्फातून आली आणि हात चोळत बसली. राय धान्याचा काळा पाव, वाळवलेल्या मांसाच्या पातळ चकत्या, उकडलेले बटाटे. ब्रदर चीजचा भला मोठा तुकडा विस्तवाशी धरून वितळलेला थर ज्याच्या त्याच्या ताटात खरवडत होते.

श्रीरंग भिंतीला टेकून उभा. तहानभूक हरपलेली, नजर सगळी पेल्यांवर.

त्याच्या टेबलावरची माणसं पहिल्या घोटालाच थांबली. कुणी पेला उजेडाला धरला. कुणाला चेरीचा वास आला, कुणाला ओल्या मातीचा. छाटणाऱ्यांचा मुकादम म्हणाला, “जन्मभर पितोय, पण अशी नाही प्यायलो.” श्रीरंगच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पलीकडच्या टेबलावर वाइनबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एकाच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, तेच चाललं होतं. पाव इकडून तिकडे, बटाटे तिकडून इकडे. सुरई रिकामी झाली की कुणीतरी बोलता बोलताच उठून भरून आणायचा. गाढवाला गुळाची चव काय, श्रीरंग मनात म्हणाला.

माणसं गेली.

“माझी सगळ्यांनी वाखाणली, ब्रदर. तुमच्या वाइनचं कुणी नावही घेतलं नाही.” हे म्हणताना त्याला म्हाताऱ्याची थोडी कीवही आली.

“खरं आहे,” ब्रदर म्हणाले. “चल, ताटं उचलू.”

पलीकडची ताटं चाटूनपुसून साफ होती, उचलायला वेळ लागला नाही. मग दोघं श्रीरंगच्या टेबलाशी आले. ताटाताटात चीज थिजलं होतं. मांसाच्या चकत्यांच्या कडा वळल्या होत्या. पाव जवळजवळ होता तसाच… सुरईत वाइनही निम्मी उरली होती.

श्रीरंग एक ताट हातात घेऊन उभा राहिला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ते लपवता येईना.

ब्रदरनी त्याच्या सुरईतली वाइन पेल्यात ओतली. सावकाश प्यायले.

“सुंदर आहे,” म्हणाले. तोंडदेखलं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“मग…?”

विस्तवाशी जाऊन म्हाताऱ्यानं उरलेलं चीज पुन्हा धरलं, गरम थर ताटात खरवडला, शेजारी दोन बटाटे आणि पाव ठेवला. श्रीरंगला खांद्याला धरून बसवलं. ताटाच्या एका बाजूला त्याची सुरई ठेवली, दुसऱ्या बाजूला आपली, पुन्हा भरून.

“पिंपं कोणत्या वाइननं भरायची, ब्रदर? तुम्हीच सांगा.”

“सकाळपासून उपाशी आहेस, जेव आधी,” ब्रदर म्हणाले. “जेवताना हात आपोआप ज्या सुरईकडे जाईल, तिच्यातली पिंपांत भर.”